बाईंच्या गाडीची स्टेपनी

१७ नोव्हेंबर, सोमवार

हातानं केलेलं, आजपर्यंत –
पेट्रोलची टाकी, अठरा गेज पत्रा, आतून कल्हई. पायाखालचे दोन्ही पत्रे. हूडचा सांगाडा, रिबिटांसकट. डॅशबोर्डची फळी (साग. जिंतूरला एक जुनं दुकान पाडलं, त्याच्या चौकटीतला). सगळी वायरिंग, वायरींचे रंग मूळचेच ठेवून. सायलेन्सर. बिजागऱ्यांच्या पिना. मागची दोन्ही हब. हँडब्रेकचा दांडा.
विकत आणलेलं – टायर, ट्यूब, बेअरिंग, बॅटरी, काच, रंग.
नाही ते – स्टेपनी.

ही यादी आज काढली कारण परभणीहून बाईंचा फोन. "शिवाप्पा, अभय न्यायला येतोय. संक्रांत झाली की पुण्याला. आता कायमचं मुलाकडं." मी म्हणालो, बरं. त्या म्हणाल्या, "बरं काय? माझं सोनपेठ राहिलंय."

राहिलंय खरं. नऊ वर्षांपूर्वी बाईंचे यजमान, डॉक्टरसाहेब, गेले, त्यानंतर बाईंनी शेडमधली ही दोन सीटांची विलायती गाडी मला दिली. साठ सालानंतरची कधीतरी, उंदरांनी सीट खाल्लेली, टाकीची चाळण. पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, चालू झाली की हिच्यात बसवून एकदा मला माहेरी ने, सोनपेठला, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठापर्यंत. बास.
साडेतीन वर्षं झाली चालू होऊन. आधी हूड व्हायचं होतं. मग वायपर. मग रंग मनासारखा नव्हता.

आता हे. ब्याऐंशी वर्षांची बाई, जाऊन येऊन सव्वाशे किमी, तेरा इंची बारीक टायर जो वाटेत कुणाकडं मिळणार नाही. पंक्चर झालं तर बाईंना रस्त्याच्या कडेला दगडावर बसवून मी चाक घेऊन फिरू का? स्टेपनीशिवाय नेणार नाही.
दोन महिने आहेत.

१९ नोव्हें.

मोजलं. डिकीतला स्टेपनीचा खण – व्यास ५७५, खोली १२७. गाडीचं चाक आडवं ठेवलं तर उंची १५५. अठ्ठावीस मिमी वर येतं, डिकी लागत नाही.
मूळ गाडीत लागायची. खणाच्या खाली टाकी असते. मी टाकी केली ती दोन इंच जास्त खोल केली, त्यामुळं खण तेवढा वर आला. तेव्हा वाटलं, बाईंना घेऊन जायचं तर पेट्रोल भरपूर असावं.
टाकी कापणार नाही. चार वर्षांत थेंब गळालेला नाही.

२२ नोव्हें., शनि.

खतवाले जाधव ट्रॉलीचा धुरा घेऊन आले, नव्या गाडीत. उतरवताना डिकीचा गालिचा सरकला आणि खाली काय दिसलं – बारीक स्टेपनी. सायकलच्या चाकाची थोरली बहीण म्हणावी अशी. गालिचा काढला, चाक काढलं, टेप लावला.
"अप्पा, गाडी माझी हाय. तुमी काय काढायलाव?"
"काढायलो न्हाई. बघायलो."
"चाक भायेर हाय की मंग."
"बघायला भायेरच काढावं लागतं."

रुंदी ११५. रिम १५ इंची. व्यास ५४२, माझ्या चाकापेक्षा २० कमी. आडवी उंची ११८. म्हणजे खणात मावते, वर नऊ मिमी उरतात.
तिच्यावर पिवळा कागद चिकटवलेला. ताशी ८० च्या आत. हवा ६०. साध्या चाकात तीस-बत्तीस आणि हिच्यात दुप्पट, का? दिवसभर डोक्यात तेच. लेथवर काम चालू, मन तिथं. संध्याकाळी कळलं (मला असं वाटतं) – टायर अरुंद, जमिनीला टेकणारी जागा निम्मी, वजन तेवढंच. मग आतून दुप्पट जोर पाहिजे. बरोबर की चूक, पूर्णेत कुणाला विचारणार? पण हिशेब बसतो.

जाधवांना त्यांचं चाक परत बसवून दिलं. धुऱ्याचं काम राहून गेलं. उद्या.

२४ नोव्हें., सोम.

आता भोकांचं माप. चाक हबमधून बाहेर आलेल्या चार स्टडांवर, म्हणजे बोल्टांवर, बसतं, समोरासमोरच्या दोन स्टडांच्या मध्यातलं अंतर हेच खरं माप. बाकी सगळं लेथवर जुळवता येतं, हे येत नाही.
पुढचं डावं चाक काढलं. बाहेरून बाहेर १११.१. स्टड ९.५ चा. वजा जाता १०१.६. बरोब्बर चार इंच.
मागचं काढलं नाही. मागची हब मी केलेली, त्यांचं माप मला पाठ.

फर्मा केला. जाड पुठ्ठ्याला मधोमध हबच्या मापाचं भोक, स्टडांच्या टोकांना ओलं कुंकू, पुठ्ठा सरळ दाबला. चार ठिपके उठले, पेन्सिलीनं येणार नाहीत इतके स्वच्छ. महानंदा दारात उभी राहून बघत होती. म्हणते, "तीस वर्षं झाली लग्नाला. मला कधी एवढं मापून लावलं न्हाई कुंकू तुमी."

२९ नोव्हें., शनि.

नांदेड. पूर्णेहून सकाळच्या गाडीनं. फर्मा मांडीवर. समोर एक म्हातारी, पिशवीत मेथी. बराच वेळ पुठ्ठ्याकडं बघून, "कोन्त्या देवीचं हाय हो?"
"देवीचं न्हाई. चाकाचं."
तिनं पाय वर घेतले आणि नमस्कार केलाच. मग मलाही तो पुठ्ठा पायाशी ठेवता येईना. नांदेडपर्यंत धरून बसलो.

भंगार बाजारात अकरा बारीक चाकं बघितली. चारांना पाच-पाच भोकं. पाचांचं माप ११४.३. दोनांचं १००. या दोनांवर फर्मा ठेवला तर चारही ठिपके भोकातून दिसतात, पण मधोमध नाहीत, कडेला सरकलेले. दुकानवाला म्हणतो, "चारों दिख रहे ना? फिर क्या होना?"
दिसणं आणि बसणं वेगळं, म्हणालो.

परतीच्या गाडीत विचार. हे १०१.६ आणि १०० कुठून आलं? इंचवाल्यांनी ठरवलं चार इंच. मिमीवाल्यांनी ठरवलं शंभर. दोघांना गोल आकडा पाहिजे होता, दुसरं काही कारण नाही. दोन देशांतली दोन माणसं, आपापल्या टेबलाशी, आपापला गोल आकडा आवडला म्हणून... आणि मधले १.६ मिमी माझ्या मांडीवर.

३ डिसें., बुध.

इस्माइलभाई चाक घेऊन आले. त्यांचं टायरचं दुकान माझ्या वर्कशॉपच्या समोर, बावीस वर्षं चार वाजताचा चहा बरोबर. कुठल्याशा ठोकलेल्या गाडीचं बारीक चाक, ११५ रुंद, टायर कोरा. गडगडवत आणलं. "लो अप्पा. तुम्हारा काम हो गया."
कॅलिपर लावला. शंभर.
मी म्हणालो, चालणार नाही. ते म्हणाले, पुढच्या चाकाच्या जागी लावून तर बघा. लावलं. जातं, बोल्टाची भोकं मोठी असल्यामुळं. नटही आवळतात. "बैठ रहा ना? बैठ रहा तो बिठाव."
मग मी त्यांच्याच दुकानात जाऊन, फरशीवर, खडूनं काढून दाखवलं. नटाचं तोंड निमुळतं असतं, ते भोकाच्या कडेला चारी अंगानं टेकायला पाहिजे. स्टड ०.८ सरकला की एकाच अंगानं टेकतं. आवळलं म्हणजे घट्ट वाटतं. चाललं की सुटतं. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. ट्रकवाले. मी जरा जास्तच समजावून सांगितलं असेन. शेवटी म्हणालो, "इस्माइलभाई, याला माप यावं लागतं. टायर काढता येणं वेगळं."
त्यांनी चाक उचललं. गडगडवलं नाही, उचलून आत नेलं.

चार वाजता चहाला आले नाहीत.

९ डिसें., मंगळ.

परभणी, बाईंकडं. घरातलं सामान अर्धं बांधून झालंय. खोकी, खोक्यांवर अभयच्या अक्षरात नंबर. बाई मधे खुर्चीवर. विचारलं, मूळची स्टेपनी खणात कशी बसायची, आठवतं का. मला वाटलं काय आठवणार.
"मला न्हाई आठवणार तर कुणाला? डॉक्टरांनी जन्मात चाक बदललं नाही. मीच बदलायची."
एकदा मानवतच्या अलीकडं भर दुपारी पंक्चर. पेशंटकडं निघालेले. डॉक्टर छत्री धरून उभे, बाई लुगडं खोचून जॅक लावतायत. एक बैलगाडीवाला थांबला. डॉक्टरांना म्हणाला, "मालक, बाईमानसाला कामाला लावलंव व्हय?" डॉक्टर म्हणाले, "मला येत न्हाई रे, तुला येतं का?" तो म्हणाला, न्हाई. मग तोही छत्रीखाली येऊन उभा राहिला.
स्टेपनी उलटी बसायची, पोट खाली. खोलगट बाजूत जॅक आणि पाना. हे मला माहीत नव्हतं. लिहून घेतलं.

निघताना म्हणाल्या, "शिवाप्पा, तू माप घेतोस ते चांगलंच. पण अठरा तारखेचं तिकीट काढलंय अभयनं. रविवार."
मी म्हणालो, त्याच्या आत.
"हे तू हूडच्या वेळी पण म्हणाला होतास."

१९ डिसें., शुक्र.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. दुकान बंद. भावाच्या शेतात सगळे. भज्जी, आंबील, ज्वारीत बसून जेवण. मी गाडी घेऊन गेलो, महानंदा शेजारी, पोरं-बाया बांधापर्यंत बघायला.
निघायच्या आधी नेहमीप्रमाणं मागच्या चाकांचे नट बघितले. डावीकडचे पाव आटा ढिले, उजवीकडचे जरा कमी. पुढचे जागच्या जागी. हा माझा नेम आहे, साडेतीन वर्षांत एकदा चुकलेला नाही. भाऊ म्हणाला, "दरवेळी आवळतूस, मंग ढिले कशानं व्हायलेत?" मी म्हणालो, पूर्णेचे रस्ते बघितलेस का.
महानंदा: "रस्ता पुढच्या चाकाला येगळा हाय का?"
हसले सगळे. मीही.

२८ डिसें., रवि.

लातूर, नांदेड, संभाजीनगर – फोनवर चौदा भंगारवाले. १०१.६ ची बारीक स्टेपनी कुणाकडंच नाही. एक म्हणाला, असलं माप असतंच का? एक म्हणाला, पाठवतो फोटो, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा पाठवला.
आता कळतंय की नसणारच. बारीक स्टेपनी हीच नव्या काळातली वस्तू, नवा काळ मिमीत मोजतो. चार इंचवाले गेले तेव्हा ही जन्मली नव्हती. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. मजा वाटली. वीस दिवस राहिलेत, तरी वाटली.

समोर इस्माइलभाईंच्या दुकानात ते चाक अजून दाराशी टेकवून ठेवलंय. विकत नाहीत. हलवतही नाहीत.

६ जाने., मंगळ.

मागच्या डाव्या टायरची हवा बसली, बारीक खिळा. गाडी वर्कशॉपमधे जॅकवर घेतली. इस्माइलभाईंना हाक मारावी की न मारावी. मारली. आले. चाक काढून नेलं आणि परत आले तर हातात ते चाक नाहीच. बारीक चाक.
मी म्हणालो, "ते शंभरचं आहे."
ऐकलं न ऐकलं. मागच्या हबवर लावलं. पाना घेतला नाही. चारही नट नुसत्या बोटांनी फिरवत शेवटपर्यंत नेले आणि चाक हातानं फिरवलं. सरळ फिरलं. कुठं लटपट नाही. मग माझ्याकडं बघून,
"बैठ गया, अप्पा. मेरे को माप नहीं आता. तुम देखो कैसे बैठा."

गेले.

नट बोटानं काढले. नटांची तोंडं भोकांत चारी अंगांनी सारखी टेकली होती. मग मागचं उजवं चाक उतरवून त्याची भोकं बघितली, जी इतकी वर्षं माझ्या हबवर आवळत आलो. चारही भोकं आतल्या अंगाला घासून चकचकीत, बाहेरच्या अंगाला रंग तसाच. फरशीवर मी खडूनं काढलेलं चित्र, हुबेहूब.
कॅलिपर. बाहेरून बाहेर १०९.५. स्टड ९.५.
पुन्हा मोजलं. उजव्या हबवरही मोजलं. पुन्हा.
१००. १००.

७ जाने., बुध.

जुन्या वह्या काढल्या. चार वर्षांपूर्वीची, हब केलेल्या महिन्याची. माझंच अक्षर:
"मागची दोन हब पूर्ण. मूळ हब – भोकांचं माप ४ इं. = १०० मिमी. ओके." खाली सही. स्वतःच्या वहीत स्वतःची सही.
चार दिवसांनंतर: "ब्रेकचा ड्रम हबवर बसेना. भोकं कानशीनं रुंद केली. ड्रमचा दोष."

इंचाला पंचवीस. शाळा नववीत सोडली, जिनिंगच्या वर्कशॉपमधे उभा राहून शिकलो, तिथं सगळे असंच म्हणायचे. पाव इंचाला सहा, इंचाला पंचवीस. पेरणी यंत्राला चालतं. ट्रॉलीला चालतं. तीस वर्षं चाललं. २५.४ मला माहीत नव्हतं असं नाही. पुढचं चाक मोजताना १०१.६ म्हणजे चार इंच हे एका क्षणात कळलं की. पण हात एक जाणतो आणि डोकं एक. हब करताना हात बोलला असावा. आणि ड्रमनं सांगितलं होतं. नटांनी साडेतीन वर्षं रोज सांगितलं. त्याला मी नेम म्हणत होतो.

महानंदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "येळवसंला मी म्हणाले होते."
हो, म्हणालो.
"मग आता इस्माइलभाईकडं जावा."

८ जाने., गुरु.

गेलो. दुपारी, गिऱ्हाइकं होती तेव्हाच मुद्दाम. खडू घेऊन. त्याच फरशीवर बसलो. आधीचं चित्र पुसलेलं होतं, पण खुणा होत्या. तेच चित्र काढलं. भोक, नट, एका अंगानं टेकलेला. त्याच्या खाली लिहिलं – "मागचं हब. शिवाप्पा." आणि मोठ्यानं सांगितलं की हे माझ्या गाडीचं आहे, मी केलेलं, चार वर्षांपासूनचं. एका ट्रकवाल्यानं विचारलं, मग सुटलं कसं नाही? रोज आवळत होतो म्हणून, म्हणालो.
इस्माइलभाई टायरमधून हात न काढता, "वो सब ठीक है. ये फर्श अब पोंछेगा कौन?"
मीच पुसली.

चार वाजता आले. साखर जास्त टाकायला सांगितली.

९ जाने., शुक्र.

आता विचार सरळ करायचा.
पर्याय एक. इस्माइलभाईंचं चाक खणात टाकायचं आणि उद्याच बाईंना घेऊन निघायचं. मागचं पंक्चर झालं तर स्टेपनी नेमकी बसते. पुढचं झालं तर मागचं चाक पुढं आणि स्टेपनी मागं. वाटेत दोनदा नट आवळायचे. जाऊन येऊ. आजवर गेलोच आहे.
पर्याय दोन. हब नवी.

परभणीला जाऊन बाईंना सगळं सांगितलं. फोनवर सांगणार नव्हतो. त्या ऐकत होत्या, मधे एकदा विचारलं, "किती म्हणालास?" मी बोटांत अंतर धरून दाखवलं, दीड मिमी दिसतही नाही. "एवढ्यासाठी?"
"एवढ्यानं चाक निघतं, बाई. मी तुम्हाला त्याच्यावर बसवणार होतो."
"तू स्वतः बसलास ना इतकी वर्षं. महानंदाला बसवलंस."
"तेव्हा माहीत नव्हतं."
त्या म्हणाल्या, "माझं तर म्हणणं असं की उद्या जाऊ. पण तू आता जाणार न्हाईस. मला दिसतंय ते."
मी मान हलवली.
"मग इथं काय बसलास? बस गेली तर उशीर होईल."

११ जाने., रवि.

इस्माइलभाईंची सूचना – हबवर जुन्या चार भोकांच्या मधे चार नवी भोकं मार, १०१.६ वर. एका दिवसात काम. नाही केलं. आठ भोकांचं हब म्हणजे चुकीच्या शेजारी दुरुस्ती उभी. नवीच करणार, सळई नांदेडहून आली.

पण नवी हब १०१.६ ची झाली की ही स्टेपनी आता कुठंच बसत नाही, पुढंही नाही, मागंही नाही. हे लक्षात आलं आणि हसू आलं. इतके दिवस जी बसत नव्हती, ती चुकीवर बसली, चूक काढली की पुन्हा बसणार नाही.
मग सुचलं. मधे चकती. अठरा मिमी जाड पोलाद, एका अंगानं १०१.६ ची भोकं, गाडीला लागायला. दुसऱ्या अंगानं १०० चे स्टड, स्टेपनीला. बारीक चाकाचं पोट जास्त खोल आहे, नुसतं लावलं तर वीसेक मिमी आत जातं. चकती लावली की जवळजवळ जागेवर येतं. आत स्प्रिंगच्या पाट्यालाही लागत नाही. चकती मावणार कुठं? बाईंनीच सांगितलंय. स्टेपनी उलटी, पोट खाली, त्या खोलगट जागेत. जॅकच्या शेजारी.
इंचवाले एका अंगाला, मिमीवाले दुसऱ्या. मधे पूर्णेची चकती.

इस्माइलभाईंना कागदावर दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "अब इसमें गलती हुई तो दोनों तरफ से होगी."
म्हणून मोजमाप तुम्ही धरायचं, म्हणालो. कॅलिपर त्यांच्या हातात दिला. आधी नको म्हणाले. मग चष्मा आणायला गेले.

१३ जाने., मंगळ.

भोगी. उजवं हब झालं. भोकं मारायच्या आधी मी आकडा म्हणायचा, इस्माइलभाईंनी मोजून म्हणायचा, दोन्ही जुळले तर ड्रिल खाली. दोनदा जुळले नाहीत. एकदा त्यांचं चुकलं, एकदा माझं.
ड्रम बसवला. कानशीशिवाय बसत नाही असं चार वर्षं समजत होतो तो ड्रम. आता भोकं ढिली, माझ्या कानशीची मेहरबानी. त्यांत घालायला बारीक बुश, म्हणजे छोट्या नळ्या, कराव्या लागतील. तेही यादीत.
बाकी – डावं हब, चकती, बुश आठ.
रविवारी बाई जाणार. शनिवार सकाळी निघायला पाहिजे, म्हणजे शुक्रवारी गाडी जमिनीवर.

महानंदाची मिश्रभाजी वर्कशॉपमधे उभ्यानं. इस्माइलभाईंनी दोनदा घेतली.

१४ जाने., बुध. संक्रांत

डाव्या हबचं खडबडीत काम झालं. बेअरिंगची जागा उद्या. मागची दोन्ही चाकं काढलेली, गाडी लाकडी ठोकळ्यांवर. महानंदानं तीळगूळ आणला, एक गाडीच्या बॉनेटवर ठेवला, एक इस्माइलभाईंना. ते म्हणाले, "अब तो मीठा बोलना पडेगा इस आदमी से."

पाच वाजता अभयचा फोन, बाईंचा मुलगा. फार नीट बोलतो. म्हणाला, काका, तुम्ही जीवाला त्रास लावून घेऊ नका. आईनं सांगितलं मला हबचं वगैरे. गाडी जशी आहे तशी मला द्या. बाबांची आठवण म्हणून घरातच राहील. पुण्यात जुन्या गाड्यांचं चांगलं काम करणारे ओळखीचे आहेत, मागचं सगळं ते व्यवस्थित करून देतील. शनिवारी ट्रेलर पाठवतो. आईला तिथं रस्त्यावर फिरवू, रस्ते चांगले आहेत.
विचारलं, बाईंना हे माहीत आहे का. म्हणाला, नाही, तिथं पोचल्यावर दाखवू.
विचारलं, पुण्यातल्या रस्त्यावर सोनपेठ कुठं लागतं. तो हसला. मला वाटतं त्याला कळलं नाही मी खरंच विचारलं ते.

मुलगाच आहे. गाडीवर त्याचा हक्क माझ्यापेक्षा जास्त असेलही. आणि शुक्रवारपर्यंत होईल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, डावं हब एकदा बिघडलं तर सळई पुन्हा नांदेडहून. तरी, जशी आहे तशी म्हणजे ठोकळ्यांवर. तशी नाही देणार. आणि झाली की मग बाईंना विचारल्याशिवाय नाही.

नाही म्हणालो. त्यानं आकडा सांगितला. मी पुन्हा नाही म्हणालो आणि चुलत्यासारखं दोन शब्द गोड बोलून फोन ठेवला. इस्माइलभाई कॅलिपर पुसत होते. म्हणाले, "कितना बोला?"
साडेनऊ लाख, म्हणालो. "फिर कल दुकान जल्दी खोलो."